भाडं एकदाही चुकवलं नाही, तरी बूड स्थिर का होत नाही?

प्राजक्ता_म:

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहूनच टाकते.

आम्ही चौघं, मी, नवरा, दोन मुलं. मी ऑफिसांच्या साफसफाईच्या कामावर आहे, नवरा पार्सलं पोचवतो, दोघांचं मिळून जे हातात येतं त्यातलं जवळजवळ निम्मं भाड्यात जातं. सहा वर्षांत हे चौथं घर. भाडं एकदाही उशिरा दिलेलं नाही, माझ्याकडे वही आहे त्यात प्रत्येक महिन्याची तारीख आणि मालकाची सही, आणि जिथे सही द्यायला कोणी टाळाटाळ केली तिथे कोणासमोर पैसे दिले ते मी स्वतः लिहून ठेवलंय. तरी तीन घरं सोडली आणि तिन्ही वेळा आमची चूक काहीच नव्हती. पहिलं मालकाच्या भावाला राहायला हवं होतं, दुसरं त्यांनी विकलं, तिसऱ्याचं भाडं एका दमात इतकं वाढवलं की आम्ही आपणहून निघालो. म्हणजे कागदावर आपणहूनच.

आता या चौथ्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आहे. आलो तेव्हा कपाटामागे पंज्याएवढा काळा डाग होता, आता तो कपाटाच्या वरून डोकावतोय, रंगाचे पोपडे भांड्यांत पडतात. धाकटी रात्रभर खोकते. मालकांना सांगते म्हटलं की नवरा म्हणतो गप्प बस, करार संपायला तीन महिने राहिलेत, आत्ता तोंड उघडलंस तर पुढचा करार करणार नाहीत. तो चुकीचं बोलत नाहीये, तेच जास्त लागतं मनाला.

मोठ्याच्या शाळेच्या डायरीत पहिल्या पानावर घरचा पत्ता असतो ना, तो मी गेली दोन वर्षं पेन्सिलने लिहिते. परवा बाईंनी विचारलं पेनने का नाही लिहीत, तर हा पटकन म्हणाला, "आमचा बदलतो." मला मान वर करता येईना.

नातेवाईक भेटले की एकच, अरे थोडी बचत करा, स्वतःचं घ्या. कशातून करायची ते कोणी सांगत नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. ओलीचं सांगू का नको? आणि दुसरं म्हणजे हे आमच्याच वाट्याला आलंय की कमी पैशात भाड्याने राहणाऱ्या सगळ्यांचंच असं असतं, आणि असतं तर का? आम्ही काही चुकतोय का?


वाटसरू:

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. तुम्ही काही चुकत नाही आहात.

आणि हे नवीनही नाही. १८६८ साली बर्लिनच्या हेरमान श्वाबे नावाच्या आकडेतज्ज्ञाने शहरातल्या लोकांची मिळकत आणि भाडं समोरासमोर मांडून दाखवलं होतं की माणूस जितका गरीब तितका त्याच्या कमाईचा मोठा हिस्सा भाड्यात जातो. दीडशे वर्षं होऊन गेली या गोष्टीला आणि आपण अजून एकमेकांना बचत करा म्हणून सांगतोय.

भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत बसलं पाहिजे असं सगळीकडे ऐकायला मिळतं. तो आकडा काही कोणी माणसांच्या गरजा मोजून काढलेला नाही. अमेरिकेत १९६९ साली सरकारी घरांतल्या भाडेकरूंकडून उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर भाडं घ्यायचं नाही असा कायदा झाला, १९८१ मध्ये तीच मर्यादा ३० वर नेली, आणि मग तोच आकडा मोजपट्टी होऊन बसला. पण खरं बघायचं तर भाड्यात किती गेलं त्यापेक्षा भाडं दिल्यावर मागे काय उरलं हे बघायला हवं. हजार कमावणाऱ्याचे तीनशे गेले तर सातशे उरतात, शंभर कमावणाऱ्याचे तीस गेले तर सत्तर, आणि खोकल्याचं औषध दोघांना एकाच भावाने मिळतं. तुमचं तर निम्मं जातंय.

वर गरीब भाडेकरूला प्रत्येक गोष्ट महागच पडते हे कोणी मोजत नाही. घर बदललं की जुनं डिपॉझिट हातात यायच्या आधी नवं भरावं लागतं, मधला काळ कर्जावर. एजंटचे पैसे, टेम्पो, हलवताना फुटलं तुटलं ते, दोन दिवसांची बुडालेली मजुरी. वर्षा-दोन वर्षांत एकदा हे झालं की जे काही साठलेलं असतं ते साफ. तुम्ही म्हणता सहा वर्षांत तीनदा हललात, म्हणजे तीनदा बचत केलीत आणि तिन्ही वेळा ती टेम्पोत गेली. हेच नातेवाईकांना ऐकवा.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतो आपण सहज, पण ते पाठीवर घ्यायला विंचवाला पैसे पडत नाहीत.


सीमा_आरोग्य:

प्राजक्ता, मी वस्त्यांमधून आरोग्याचं काम करते, घराघरांत जाते, त्यामुळे तुझा तो कपाटामागचा डाग मला न बघता दिसला. ओलीचं सांग. सांगायचंच. नवरा घाबरतोय ते बरोबर आहे पण पोरगी खोकतेय.

ओल आणि बुरशी हा नुसता दिसायला वाईट म्हणून सोडून द्यायचा विषय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मध्ये यावर वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दमा यांचा त्रास जास्त होतो हे त्यात स्पष्ट आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाच्या गावात डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं मूल बुरशीने भरलेल्या घरात राहून श्वसनाच्या त्रासाने गेलं. स्वस्त भाड्याचं सामाजिक संस्थेचं घर होतं. वडिलांनी २०१७ पासून सांगितलं होतं, त्यांना उत्तर मिळालं की वरून रंग मारा. त्या मुलाच्या नावाने २०२३ मध्ये तिथे कायदा झाला की अशा घरमालक संस्थांनी तक्रार आली की ठरलेल्या मुदतीत येऊन बघायचं आणि दुरुस्त करायचं. हे तुला घाबरवायला लिहीत नाहीये. रंग मारून ओल जात नाही एवढं मात्र नक्की, पाणी कुठून येतंय ते शोधावं लागतं, पाइप, गच्ची, बाहेरच्या भिंतीची चीर, जे असेल ते. आणि मुलीला डॉक्टरला दाखव, दाखवताना घरात ओल आहे हे आवर्जून सांग, ते विचारतीलच असं नाही.

आता कसं सांगायचं. फोनवर नाही. आधी फोटो काढ, शेजारी पट्टी किंवा वही धरून, म्हणजे डाग केवढा आहे ते कळतं, आठवड्याने परत काढ. मग लेखी मेसेज. भांडणाची भाषा नको, "अमुक तारखेपासून भिंतीला ओल आहे, फोटो पाठवत आहे, केव्हा बघायला याल ते कळवा" एवढंच. मेसेज जपून ठेव. डॉक्टरचा कागद असेल तर तोही फाइलीत. तुझ्याकडे ती भाड्याची वही आहे हे वाचून मला इतकं बरं वाटलं, ती वही म्हणजे तुझा सगळ्यात मोठा आधार आहे. मी बघते ना, दहा घरांत एखादी बाई असं लिहून ठेवते. आणि तुमच्याकडे मोफत कायद्याचा सल्ला देणारं कोणी आहे का त्याची चौकशी मेसेज पाठवायच्या आधी करून ठेव, नंतर धावपळ नको.


निनाद:

मी घरमालक आहे, एकच जादाचं घर आहे, आयुष्यभराच्या नोकरीच्या पैशातून घेतलेलं, त्याचं भाडं म्हणजेच माझी पेन्शन. त्यामुळे इथे मालक म्हणजे राक्षस असा सूर लागू नये म्हणून लिहितोय. माझा एक भाडेकरू सात महिन्यांचं भाडं थकवून रात्रीतून गेला, मी त्या वेळी कर्जाचा हप्ता दुसऱ्याकडून उसने घेऊन भरला. आमचीही झोप उडते.

ओलीच्या बाबतीत मात्र मालकाने ती काढलीच पाहिजे, त्यात वादच नाही, ते त्याच्याच भिंतीचं नुकसान आहे. प्राजक्ताताईंनी जरूर सांगावं. वेळेवर भाडं देणारं कुटुंब घालवणं मूर्खपणाचं आहे हे दहातल्या सात मालकांना तरी कळतं असं माझं मत.

पण भाड्यावर टाच आणली की सगळं सुटेल असं कोणी म्हणणार असेल तर थांबा. सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ साली लोकांनी मत देऊन १९८० च्या आधीच्या छोट्या इमारतींनाही भाडेनियंत्रण लावलं. नंतर अर्थतज्ज्ञांनी तपासलं तर आत जे राहत होते ते टिकले, त्यांचा फायदा झाला, हे खरं, पण त्या मालकांनी भाड्याने द्यायची घरं सुमारे १५ टक्क्यांनी कमी केली, विकली, पाडून नवी बांधली, आणि बाहेर घर शोधणाऱ्यांसाठी शहरातली भाडी वाढलीच. बर्लिनने फेब्रुवारी २०२० मध्ये भाड्यांवर मर्यादा घातली, एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदाच रद्द केला कारण तो अधिकार राज्याचा नव्हता, केंद्राचा होता. मधल्या काळात ज्यांनी कमी भाडं दिलं त्यांच्यातल्या कित्येकांकडे फरकाची मागणी आली. नुकसान कोणाचं झालं सांगा.


वाटसरू:

निनाददादा, सॅन फ्रान्सिस्कोचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे आणि दोन्ही बाजू सांगितल्यात म्हणून आभार. पण एक फरक करा. भाडं किती असावं हा एक प्रश्न आणि कारण नसताना कोणाला घर खाली करायला लावता येतं का हा दुसरा. प्राजक्ताताईंची गोष्ट दुसऱ्या प्रकारची आहे. मालक आणि भाडेकरू दोघंही सही करतात, पण करार मोडला तर मालकाचं एका महिन्याचं भाडं बुडतं आणि भाडेकरूचं मुलाची शाळा, कामाचं अंतर, ओळखीचा दुकानदार, डॉक्टर सगळंच हलतं. तुमच्या झोपेची किंमत मी कमी करत नाहीये, पण तुमच्यापाशी शेवटी घर उरतं.

स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१७ पासून नवीन करारांना शेवटची तारीखच नसते. मालकाला घर परत हवं असेल तर कायद्यात लिहिलेल्या कारणांपैकी एक कारण दाखवावं लागतं, स्वतः राहायचंय, विकायचंय, भाडं थकलंय वगैरे, म्हणजे तुमचा तो थकवणारा भाडेकरू तिथेही निघालाच असता. फक्त "तू ओलीची तक्रार केलीस" हे कारण त्या यादीत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या समितीने १९९१ मध्ये पुरेसं घर म्हणजे काय हे सांगितलं तेव्हा सात गोष्टी धरल्या आणि त्यात ताब्याची कायदेशीर सुरक्षितता आहे, भाड्याच्या घराला सुद्धा. नुसतं छप्पर असलं की झालं असं नाही, उद्या कोणी हाकलणार नाही याची खात्रीही घराचाच भाग आहे. मला ते वाचल्यापासून घराकडे बघायची नजरच बदलली.


रेहाना_क:

कोणी बोललं नाही म्हणून मी लिहिते. घर खाली करायला लावणं ही अर्धी गोष्ट आहे, मिळणं ही दुसरी अर्धी. मी एकटी आई आहे. फोनवर घर आहे म्हणतात, मग नाव विचारतात, मग नवरा काय करतो विचारतात, मग म्हणतात अहो कालच गेलं. मैत्रिणीने दुसऱ्या नावाने तासाभराने फोन केला तर घर होतं. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, वेगवेगळ्या देशांत संशोधकांनी अगदी हेच करून पाहिलंय, सगळी माहिती तीच ठेवून फक्त नाव बदलून अर्ज पाठवायचे, आणि परक्या वाटणाऱ्या नावांना उत्तरं कमी येतात.

याचा परिणाम असा की ज्याला दहा दारं उघडी आहेत तो ओलीचं घर बघून पुढे जातो आणि ज्याला एकच दार उघडतं तो ते घेतो, वर जास्त भाडंही देतो, आणि मग तोंड मिटून राहतो. अडला हरी. ओलीची घरं रिकामी राहत नाहीत ती आमच्यासारख्यांमुळे आणि त्यात आमची निवड काहीच नसते.

प्राजक्ता, "आमचा बदलतो" वाचून मी फोन बाजूला ठेवला होता थोडा वेळ. माझी मुलगी नव्या घरात गेलं की खेळणी पिशवीतून बाहेरच काढत नाही.


श्रीधरकाका:

वय झालं, टायपिंग हळू आहे, चुका सांभाळून घ्या.

वर सगळं एकट्या भाडेकरूबद्दल चाललंय म्हणून एक जुनी हकीकत सांगतो, मी कामगार चळवळीत होतो तेव्हा ज्येष्ठांकडून ऐकली होती, मग वाचली. १९१५ साल, पहिलं महायुद्ध. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत दारूगोळ्याच्या आणि जहाजांच्या कारखान्यांत हजारो कामगार आले, घरं तेवढीच, मालकांनी भाडी चढवली. पुरुष कारखान्यात नाहीतर लढाईवर, घरी बाया. मेरी बार्बर नावाच्या बाईने शेजारणींना गोळा केलं, वाढीव भाडं द्यायचं नाही असं ठरवलं. घर खाली करायला माणूस येताना दिसला की जिच्या दारात तो दिसेल तिने घंटा वाजवायची, मग बाकीच्या हातातलं काम टाकून जिन्यात उभ्या राहायच्या, पिठाच्या पुड्या मारायच्या त्याला. पाळण्यातलं पोर कडेवर घेऊन आलेल्या होत्या त्यात. २० हजारांच्या वर कुटुंबं शेवटी त्यात आली. १७ नोव्हेंबरला १८ भाडेकरूंवर खटला होता त्या दिवशी कारखान्यांतून हजारो लोक कोर्टावर चालून आले, खटले मागे घेतले गेले, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात सरकारने कायदा करून भाडी युद्धापूर्वीच्या, ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठवली.

निनाद म्हणतात ते मी नाकारत नाही, घरंच कमी असतील तर नुसत्या मर्यादेने घर वाढत नाही. म्हणून व्हिएन्नाने काय केलं ते बघावं. १९२३ पासून त्यांनी घरबांधणीसाठी वेगळा कर लावला, मोठ्या आलिशान घरांवर जास्त, लहानांवर नाममात्र, आणि त्या पैशातून पालिकेने १९३४ पर्यंत ६० हजारांवर घरं बांधली. आतल्या अंगणात झाडं, धुलाईघर, बालवाडी, दवाखाना. आज पालिकेची सुमारे सव्वादोन लाख घरं आहेत आणि सरकारी मदतीची धरली तर निम्मं शहर अशा घरांत राहतं. मुद्दा असा की तिथे शिक्षक, बसचालक, नर्स सगळे एका इमारतीत आहेत, गरिबांची वेगळी वसाहत म्हणून नाही. गरिबांसाठी वेगळं काढलेलं जे जे असतं त्याची देखभाल पहिली थांबते, हे मी आयुष्यभर पाहिलंय.

बाई, तुमच्या इमारतीत अजून कोणाला ओल आहे का ते विचारलंत का? एकटीच्या नावाने मेसेज गेला तर तक्रारखोर बाई, चौघींच्या नावाने गेला तर इमारतीची दुरुस्ती.


सीमा_आरोग्य:

काकांचं शेवटचं वाक्य अगदी बरोबर. माझ्याकडून राहिलं ते.

आणि मोफत सल्ल्याबद्दल थोडं, न्यूयॉर्कने २०१७ मध्ये घर खाली करण्याच्या खटल्यात गरीब भाडेकरूला वकील देण्याचा कायदा केला, अमेरिकेतलं ते पहिलं शहर. त्याआधी कोर्टात मालकाच्या बाजूने जवळपास नेहमी वकील आणि भाडेकरू एकटा, कित्येक जण तर तारखेला जायचेच नाहीत, हरणारच म्हणून. नुसती नोटीस आली की माणसं सामान बांधतात ग. नोटीस म्हणजे निकाल नाही. हे मी प्रत्येक घरात सांगते, इथेही सांगते.


प्राजक्ता_म:

सगळ्यांचे खूप आभार, मी कामाच्या मधल्या सुट्टीत वाचत होते, दोनदा डोळे पुसावे लागले. वाटसरू दादांचं तीनदा बचत केलीत हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं, तो काही बोलला नाही पण वही काढून बसला, आत्तापर्यंतच्या तिन्ही हलवाहलवीचा खर्च मांडत होता. अकरा महिन्यांचं भाडं निघालं त्यातून. अकरा.

निनाददादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, आमचे मालकही एकाच घराचे आहेत, मोठे असामी नाहीत, त्यांचंही कर्ज असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तरी भिंत त्यांची आहे.

रेहानाताई, तुमच्या मुलीचं वाचून काय बोलू कळत नाही.

काकांनी विचारलं म्हणून खालच्या मजल्यावर गेले होते. त्यांच्याही त्याच बाजूच्या भिंतीला आहे, आमच्यापेक्षा जास्त, त्यांनी वर कॅलेंडर टांगून झाकलंय. मालक वेगळे पण पाइप एकच उभा जातो बाहेरून, म्हणजे पाणी तिथूनच येत असणार. त्या आधी नको नको म्हणाल्या, त्यांनाही तीच भीती, मग मी फोटो दाखवला पट्टी धरून काढलेला, तर म्हणाल्या थांब, मी पण काढते. दोघींनी मिळून मेसेज लिहिलाय, सीमाताईंनी सांगितला तसाच, भांडणाचा शब्द नाही. उद्या सकाळी आपापल्या मालकांना पाठवणार. धाकटीची डॉक्टरची वेळ गुरुवारी आहे.

उत्तर आलं की लिहिते.